इराण्याच्या मेजाभोवती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छळ व दारिद्र्य यांना कंटाळून यझ्द-केरमानकडील अनेक जरथुष्ट्री कुटुंबे मुंबईस आली. कोपऱ्यावरचे दुकान अशुभ मानून इतर व्यापारी टाळीत. तीच जागा या इराण्यांनी घेतली, असे सांगतात. धोबीतलावच्या जेर महालात १९०४ साली 'कयानी' उघडले. जवळच १९१३ मध्ये 'ससानियन'. वर गोमंतकीय खलाशांचे कूड, तेही गावागावांचे वेगळे. खाली मात्र ब्रुन-मस्का व चहासाठी ख्रिस्ती, पारशी, मुसलमान, हिंदू एकत्र बसत. पंगतीत जात पाहिली जाई, तो हा काळ; आपल्या ख्रिस्ती घरांतूनही ती पुरती गेली नव्हती. सहभोजनाचा धडा येथे प्रवचनाविना, एका कप चहावर मिळाला. आपल्या घरच्या मेजाला तो लागू आहे.