उबीनचा दगड आणि अफूचा धूर

चांगी पॉईंटवरून बमबोटीत बसले की थोड्याच वेळात पुलाउ उबीन येते. मंडळाच्या सहलीत आपण तिथे सायकली भाड्याने घेतो, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींपाशी फोटो काढतो आणि घरी परततो. माझ्यासारख्या इतिहासाच्या जुन्या मास्तराला मात्र त्या खाणी पाहिल्या की दगड फोडणारी माणसे आठवतात.

उबीनच्या ग्रॅनाईटमधून १८५१ साली हॉर्सबर्ग दीपगृह उभे राहिले. १८५५ च्या रॅफल्स दीपगृहालाही इथलाच दगड लागला, आणि त्या बांधकामावर हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी राबले. १८२५ ते १८७३ या काळात सिंगापूरला आलेल्या अशा कैद्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांचे काय झाले, याची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

खाणींत मुख्यतः चिनी मजूर असत. घरापासून दूर, एकटे आणि थकलेले. त्या काळच्या सिंगापुरात अशा मजुराला सहज मिळणारा उतारा म्हणजे अफू. सरकार तिच्या विक्रीचा मक्ता देई. १९१० पासून तो धंदा सरकारने स्वतःच्याच हाती घेतला. कित्येक वर्षे वसाहतीच्या महसुलाचा जवळजवळ निम्मा वाटा अफूतून येई. आपणही हात झटकू नयेत. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच पूर्वेकडे निघे, आणि तिच्यावर मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या पोसल्या गेल्या.

याविरुद्ध डॉक्टरच उभे राहिले. १९०६ मध्ये डॉ. लिम बून केंग आणि डॉ. यिन सुआत चुआन यांनी व्यसनी माणसांच्या उपचारांची सोय केली. १९३३ मध्ये डॉ. चेन सू लान यांनी अफूविरोधी दवाखाना काढला. १९४६ मध्ये अफूवर बंदी आली आणि व्यसनी माणूस गुन्हेगार ठरला. शिक्षा झालेल्या व्यसनींसाठी सेंट जॉन्स बेटावर उपचार केंद्र निघायला १९५५ साल उजाडले. त्याला रोगी मानायला नऊ वर्षे लागली!

व्यसनाची झळ घरातल्या बाईला आधी लागते. तिची बाजू इथे ठामपणे मांडली ती मुंबईत जन्मलेल्या शिरीन फोजदार यांनी. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या सिंगापूर महिला परिषदेतून त्यांनी चळवळ चालवली आणि १९६१ मध्ये ‘विमेन्स चार्टर’ हा कायदा झाला. १९९६ च्या दुरुस्तीने कौटुंबिक हिंसेपासूनचे संरक्षण आणखी व्यापक केले.

हे दोन्ही धागे एकत्र गुंफलेले मी पाहिले ते पुण्यात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये नवऱ्यावर उपचार होतात आणि ‘सहचरी’ गटात त्याची बायकोही बोलू लागते.

आपल्या मंडळात दिवाळीला फराळ, गाणी, नाटक सगळे होते. पण कुणाच्या घरी दारूपायी हात उगारला जातो, कुणाचा मुलगा अमली पदार्थांच्या गुन्ह्यात आत आहे, हे ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने दाराआड राहते. वर्षातून चार वेळा तरी मंडळाने एखादा समुपदेशक बोलवावा आणि एक खोली उघडी ठेवावी. येणाऱ्याचे नाव कुणी विचारू नये. खर्च एका नाटकाच्या नेपथ्याहून जास्त येणार नाही.