प्रकाशावरील सहा व्याख्याने आणि एक विश्वस्तनिधी

एकोणिसाव्या शतकातील विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या कालक्रमाने लिहिला जातो. त्या शोधांना श्रोते मिळवून देणाऱ्या आयोजकांची नोंद त्यात क्वचितच होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापक जॉन टिंडल यांचा १८७२-७३ मधील अमेरिकेचा व्याख्यानदौरा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

दौऱ्याच्या आयोजनाची सूत्रे वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेचे सचिव जोसेफ हेन्री यांच्या हाती होती. बॉस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, ब्रुकलिन व न्यू हेवन या शहरांत टिंडल बोलले. विषय प्रकाश हा होता. भरसभेत प्रयोग करून दाखविणे हा त्यांच्या वक्तृत्वाचा प्राण असल्यामुळे वक्त्याबरोबर साहाय्यक आणि उपकरणेही गावोगाव न्यावी लागत. शिवाय प्रार्थनेचे फळ रुग्णालयात पडताळून पाहावे, असे सुचविणारे एक पत्र त्याच वर्षी त्यांच्या पुरस्कारासह प्रसिद्ध झाल्याने धर्मोपदेशकांचा एक वर्ग त्यांच्यावर रुष्ट होता. तरीही सभागृहे भरली.

या व्याख्यानांतून टिंडल यांनी एक आग्रही प्रतिपादन केले. विज्ञानाच्या व्यावहारिक उपयोगांचे कौतुक करणारा समाज ज्या मूलभूत संशोधनातून ते उपयोग निपजतात त्याची उपेक्षा करतो. संशोधकाला निर्वेध अवकाश मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ते केवळ बोलून थांबले नाहीत. खर्च वजा जाता उरलेले सुमारे १३ हजार डॉलर त्यांनी स्वतःकडे न ठेवता अमेरिकन तरुणांच्या विज्ञानाभ्यासासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन केले. हेन्री त्या विश्वस्तांपैकी एक होते. पुढे १८८५ मध्ये वाढलेला हा निधी हार्वर्ड, कोलंबिया व पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांत समभागाने वाटला गेला.

या कथेतील मर्म मात्र हेन्री यांच्या ठायी आहे. विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध त्यांनी फॅरडे यांच्यापासून स्वतंत्रपणे लावला होता. परंतु १८४६ मध्ये सचिवपद स्वीकारल्यानंतर त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग प्रशासनात गेला. संशोधकाला इतर कामांत गुंतवू नका, असे टिंडल व्यासपीठावरून सांगत होते. आणि ते सांगण्याची संधी त्यांना मिळवून देणारा मनुष्य स्वतः तशाच कामांत गुंतलेला संशोधक होता. हेन्री यांनी गमावलेला अवकाश त्यांना परत मिळणे शक्य नव्हते. तो पुढच्या पिढीला लाभावा, याची तरतूद मात्र त्यांच्या हातून झाली. व्याख्यानांचे आयोजन हेही ज्ञानकार्यच आहे, ते या अर्थाने.