नाक मोजून माणसाची जात कळते का? काय होता 'नासिका निर्देशांक'?

रील्सवर चेहऱ्याला मार्क देणारे फिल्टर तुम्हीही वापरून पाहिले असतील. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची रुंदी, हनुवटी मोजून ते सांगतात, तुमचा चेहरा 'गोल्डन रेशो'त किती बसतो. रबाळे स्टेशनवर ठाण्याची लोकल येईपर्यंत दोन-तीनदा करून होतं. ब्रिटिश काळात मात्र असं मोजमाप सरकारी अधिकारी करायचे आणि त्यात टाइमपास काही नव्हता.

१९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याचा भर नाकावर होता. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले १००, हा झाला नासिका निर्देशांक. नाक ३६ मिलिमीटर रुंद आणि ४८ मिलिमीटर उंच असेल, तर आकडा ७५. सत्तरच्या खाली अरुंद नाक, ८५ च्या वर रुंद. रिस्लेचा दावा असा की नाक जितकं रुंद, तितकी जात खालची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या पुस्तकात हाच निर्देशांक वापरून उलटं दाखवलं. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी मांडलेल्या आकड्यांच्या आधारे त्यांनी म्हटलं, ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. म्हणजे अस्पृश्यतेचं मूळ वंशात नाही.

त्याआधी इरावती कर्वे बर्लिनमध्ये पीएचडी करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांच्या विचारांचा नाझींनी पुढे भरपूर वापर केला. गोऱ्यांची कवटी दोन्ही बाजूंनी जास्त असमान असते आणि ते बुद्धीचं लक्षण आहे, हे फिशर यांना सिद्ध करून हवं होतं. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, असमानतेचा वंशाशी संबंध नाही. गाइडच्या विरोधात थीसिस लिहिण्याची हिंमत आजही किती जण करतील?

गंमत म्हणजे त्यांनी मोजपट्टी सोडली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर लोकांची मापं घेतली. कुंभारांसारख्या एकाच नावाखाली येणाऱ्या सगळ्या जाती मुळात एकच नव्हेत, हा मुद्दा त्यांनी त्यातून मांडला.

चेहरा आजही मोजला जातो, दातांना तारा लावताना किंवा जबड्याच्या ऑपरेशनआधी. १९८५ मध्ये लेस्ली फार्कस यांनी उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या तरुणांचे चेहरे मोजले, तेव्हा युरोपीय कलेतले 'आदर्श' प्रमाणाचे काही नियम त्यांच्यातल्याही फार थोड्यांना लागू पडले. त्यामुळे नायजेरियातल्या योरुबा तरुणांपासून भारतीयांपर्यंत, त्या त्या लोकांची सरासरी वेगळी काढली जाते. फिल्टर मात्र सगळ्यांना १.६१८ हाच आकडा लावतो.