हुतूतूची दुसरी श्रेणी

हुतूतूचा इतिहास म्हटला की बडोद्याचे 1923 सालचे नियम, 1938 चे कलकत्त्याचे भारतीय ऑलिंपिक सामने, 1990 चे बीजिंगचे सुवर्णपदक, एवढे सांगून वक्ते खाली बसतात. मला बोलावयाचे आहे ते द्वितीय श्रेणीविषयी.

मुंबईच्या जिल्हा स्पर्धांत स्थानिक मंडळांच्या श्रेण्या असतात. कंपन्यांचे संघ व्यावसायिक गटात खेळतात. तिथे खेळावर नोकरी मिळते. द्वितीय श्रेणीतला गडी नोकरी सांभाळून खेळतो! गिरणगावात पाळी सुटली की चाळीपुढच्या मातीत डाव रंगे. खर्च कसला? एक लंगोट आणि दमसास. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि त्या जागांवर मनोरे उठले.

जुन्या हुतूतूचे तीन प्रकार होते. गामिनीत बाद गडी बाहेरच बसे, अमरमध्ये तो मैदान सोडीतच नसे, आणि संजीवनीत समोरचा बाद झाला की हा जिवंत होई. आजच्या कबड्डीत संजीवनीच टिकली. कामगाराला ती बरी समजते.

आपल्या दातिवऱ्याचा पोरगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. त्याचा सामना बुडतो तो पाळी बदलून मिळत नाही म्हणून. म्हणून मागणीपत्रात मी बोनसखाली एक कलम घालतो : सामन्याच्या दिवशी पाळी बदलून मिळावी, पगार न कापता.