शेंगेन व्हिसा

शेंगेन व्हिसा हा युरोपातील शेंगेन क्षेत्रात अल्पकाळ राहण्यासाठी दिला जाणारा प्रवेशपरवाना होय. कोणत्याही एका सदस्य देशाने तो दिला, तरी सामान्यतः क्षेत्रातील सर्व २९ देशांत चालतो. भारतीय पारपत्र (पासपोर्ट) बाळगणाऱ्यांना पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यावसायिक बैठका इत्यादी कारणांसाठी तो प्रवासापूर्वीच घ्यावा लागतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ९० दिवसांहून अधिक काळ राहावयाचे असल्यास संबंधित देशाचा दीर्घकालीन व्हिसा लागतो. तो यापासून वेगळा आहे.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेशाचा हक्क मिळाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. केवळ व्हिसा जवळ असल्याने प्रवेशाचा हक्क आपोआप प्राप्त होत नाही, ही तरतूद युरोपीय संघाच्या २००९ मधील व्हिसा संहितेतच आहे. व्हिसा म्हणजे सीमेवर जाऊन प्रवेश मागण्याची परवानगी. प्रवेश देण्याचा निर्णय तेथील सीमा अधिकारी घेतो. पुढील बहुतेक नियमांचा अर्थ हा भेद ध्यानात घेतल्यावरच नीट लागतो.

पार्श्वभूमी

शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे लहानसे गाव आहे. येथे लक्झेंबर्ग, फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमा मिळतात. १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स व पश्चिम जर्मनी या पाच देशांनी नदीतील एका बोटीवर परस्परांमधील सीमातपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमलबजावणी २६ मार्च १९९५ रोजी सुरू झाली. क्रोएशिया २०२३ मध्ये सामील झाला. बल्गेरिया व रोमेनिया यांच्या भूसीमांवरील तपासणी १ जानेवारी २०२५ पासून थांबली.

शेंगेन क्षेत्र व युरोपीय संघ एकच नव्हेत. नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिश्टेनस्टाइन हे देश संघाबाहेर असूनही क्षेत्रात आहेत, तर आयर्लंड संघात असूनही क्षेत्राबाहेर आहे. ब्रिटनचा व्हिसा सर्वस्वी निराळा आहे. पॅरिस पाहून लंडनला जायचे आणि तेथून स्वित्झर्लंड गाठायचे, असा बेत आखणाऱ्याने लंडनला जाताना शेंगेन क्षेत्र सोडलेले असते. त्याचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर तो तेथेच संपतो आणि स्वित्झर्लंडचे दार बंद होते.

अर्ज

अनेक देशांना भेट द्यावयाची असल्यास ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम सारखाच असल्यास प्रथम ज्या देशात प्रवेश होणार, त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो व उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयास साधारणतः १५ दिवस लागतात, परंतु ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. तेव्हा १५ दिवसांवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

पारपत्र मागील दहा वर्षांत दिलेले, क्षेत्र सोडण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले असावे. किमान ३०,००० युरोंचे प्रवासी वैद्यकीय विमा संरक्षण आवश्यक असते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, तर ६ ते १२ वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो आहे. त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. अर्ज नाकारला गेला, तरी शुल्क परत मिळत नाही. मात्र नकाराची कारणे लेखी मिळतात व निर्णय देणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार दाद मागता येते. अर्जाच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

मराठी कुटुंबांत नावांची एक विशेष अडचण उद्भवते. विवाहानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव व आडनाव बदलण्याची प्रथा असल्याने पारपत्रावर एक नाव, बँकेच्या खात्यावर दुसरे आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरे, अशी स्थिती होते. परकीय अधिकाऱ्यास या प्रथेची माहिती असेलच असे नाही. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद सोबत जोडणे हितावह ठरते. विमानाचे तिकीट व विमा मात्र पारपत्रावरील नावानेच असावेत.

स्टिकरवरील नोंदी

व्हिसा पारपत्रात चिकटवलेल्या स्टिकरच्या रूपात असतो. त्यावरील वैधतेच्या दोन तारखा आणि मुक्कामाचे दिवस या भिन्न गोष्टी आहेत. प्रवास पुढेमागे होऊ शकतो म्हणून वैधतेत सहसा १५ जादा दिवस धरलेले असतात. वैधता १ ते ३० मे आणि मुक्काम १५ दिवस अशी नोंद असलेली व्यक्ती १० मे रोजी पोहोचली, तर तिने २४ मेपर्यंत बाहेर पडलेच पाहिजे. ३० मेपर्यंत थांबणे हा नियमभंग ठरतो आणि तो बहुधा नकळत घडतो. स्टिकरवरील नाव, पारपत्र क्रमांक व तारखा हाती पडताच ताडून पाहाव्यात.

बहुप्रवेश व्हिसा असला, तरी कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येते. येण्याचा व जाण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. ही मोजणी वर्षारंभापासून होत नाही. प्रत्येक दिवशी मागे वळून गेले १८० दिवस पाहिले जातात. नेदरलँड्समधील मुलीकडे १ जानेवारी ते ३१ मार्च २०२७ असे ९० दिवस राहिलेल्या आईवडिलांना ३० जूनपूर्वी परतता येणार नाही, मग व्हिसा पाच वर्षांचा का असेना.

भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये नियम सुलभ झाले. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते रीतसर वापरले असल्यास दोन वर्षांचा, व त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. अर्थात पारपत्राची मुदत पुरेशी हवी.

सीमेवर

पहिली तपासणी मुंबईतच, विमान कंपनीच्या खिडकीवर होते. अपुऱ्या कागदपत्रांच्या प्रवाशास नेल्यास त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर पडत असल्याने ती काटेकोर असते. युरोपात उतरल्यावर सीमा अधिकारी प्रवासाचा हेतू, निवासाची सोय, परतीचे तिकीट व खर्चाची तरतूद यांविषयी विचारू शकतो. ही कागदपत्रे सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकणे ही नेहमीची चूक आहे, कारण ती बॅग तपासणीनंतरच हाती येते. कागद हातातील पिशवीत असावेत. उत्तरे थोडक्यात व अर्जातील माहितीशी जुळणारी असावीत. प्रवेश नाकारल्यास कारण नमूद केलेला लेखी निर्णय दिला जातो.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून पारपत्रावरील शिक्क्यांऐवजी संगणकीय प्रवेश-निर्गमन नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तीत चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते व मुक्कामाचे दिवस यंत्रणाच मोजते. पुसट शिक्क्यामुळे एखादा जादा दिवस नजरेतून सुटण्याची शक्यता त्यामुळे उरत नाही.

गोव्याचा अपवाद

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्या व्यक्ती, त्यांची मुले व नातवंडे यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. असे नागरिक युरोपीय संघाचे नागरिक ठरत असल्याने त्यांना शेंगेन व्हिसा लागत नाही. मात्र परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, आणि गोव्यातील स्वतःच्या घरी येण्यासाठी त्यांना भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड घ्यावे लागते.