पत्र त्यांचं, अक्षर आपलं

मेलमधलं अक्षर बारीक वाटलं की आपण सेटिंग्जमध्ये जाऊन फॉन्ट बदलतो. पाठवणाऱ्याला न विचारता त्याच्या पत्राचं रूप बदलण्याचा हा हक्क ईमेलइतकाच जुना आहे. १९७१मध्ये रे टॉमलिन्सन यांनी पहिली ईमेल टाइप केली ती मॉडेल ३३ टेलिटाइपवर. या यंत्राला एकच वळण ठाऊक होतं, तेही फक्त कॅपिटल अक्षरांचं. तारेतून जायचे ते अक्षरांचे सांकेतिक आकडे. त्यांना रूप द्यायचं ते पलीकडचं यंत्र. १९९२मध्ये ‘माइम’ हे मानक आलं आणि मजकूर कोणत्या संकेतात आहे हे मेलच्या मथळ्यात सांगता येऊ लागलं. साध्या मजकुराच्या मेलमध्ये फॉन्टचं नाव मात्र आजही नसतं.

मराठीला हा हक्क उशिरा मिळाला. नव्वदच्या दशकातल्या ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काना वेगळा, वेलांटी वेगळी. ज्या फॉन्टमध्ये पत्र लिहिलं तोच वाचणाऱ्याकडेही लागे. नसला तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरं. फॉन्ट बदलला की मजकूरच जायचा! मराठी माणसानं मराठीतला मेल रोमनमध्ये लिहायचा, ही सवय त्या अडचणीनं लावली.

ही गाठ सोडवली युनिकोडनं. ‘क’ला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला, मग तो कोणत्याही वळणात दाखवा. विंडोज २०००बरोबर कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ आला. वेगळा फॉन्ट न मागवता मराठी मेल वाचता येऊ लागला, हे जोशींचं आपल्यावर मोठं ऋण आहे. तरी ‘मंगल’मधले ल आणि श हिंदी वळणाचे, आणि ते मराठी डोळ्याला खुपतात.

म्हणून हा हक्क वापरायला हवा. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये फॉन्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीत लिपीनुसार निवड करता येते. तिथे देवनागरी निवडून मराठी वळणाचा फॉन्ट आणि किमान आकार ठरवावा. मेलना स्वतःचे फॉन्ट वापरू देणारी एक चौकट तिथेच असते. तिच्यातली खूण काढली की सजवलेली जाहिरातही तुमच्याच अक्षरात उघडते. मेनूतली अक्षरं मात्र सिस्टिमकडून येतात. विंडोज ७पर्यंत तीही मनाजोगती निवडता येत. पुढे विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अक्षराचा आकार आणि ठळकपणा तेवढा उरला. ही सोय काढून घ्यायला नको होती.