इंधनकांड्या, जैवभाराच्या (पेण–रोहा)
भाताचे तूस, पेंढा आणि वखारीतील लाकडी भुसा सुकवून, दळून, पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने रेटला असता, घर्षणाच्या उष्णतेने मृदू झालेल्या लिग्निनाच्या योगे, बहुधा अन्य बंधकाशिवायच, ज्या 6 ते 10 मिमी. व्यासाच्या घट्ट कांड्या तयार होतात, त्या इंधनकांड्या होत. पेण व रोहा हे रायगड जिल्ह्यातील भातपिकाचे तालुके असून, रोह्यानजीक धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत असल्याने, कच्चा माल आणि संभाव्य गिऱ्हाईक येथे शेजारीच आहेत. तथापि पेंढा वैरणीस व पालापाचोळा राब भाजण्यास पूर्वापार लागत आल्यामुळे, त्यांस सरसकट टाकाऊ लेखणे धाडसाचे होय. तुसात शेकडा 15 ते 20 राख, तीही बहुतांशी सिलिकेची, असल्याने साचे लवकर झिजतात. कोकणच्या पावसाळ्यात तर कांड्या ओल धरून भुसभुशीत होतात, सबब कोरडे कोठार अपरिहार्य ठरते.